गोदावरीच्या दोन काठांचा हिशेब : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : मराठवाड्याचा अनुशेष मोजताना मागच्या शंभर वर्षांचा इतिहासही धरावा याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी गंगापूर तालुक्यातला. पस्तीस वर्षे गावोगावी पीककर्ज देणाऱ्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव म्हणून काम केले आणि निवृत्त झालो. कर्जाची कमाल मर्यादा पत्रके, वसुलीच्या याद्या, ऑडिटच्या शंका आणि त्यांची दोषदुरुस्ती यांतच आयुष्य गेले. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण मागे एका कार्यशाळेत एक वाक्य कानावर पडले आणि ते अजून मनातून जात नाही. व्यासपीठावरचे अभ्यासू गृहस्थ म्हणाले, "मराठवाड्याच्या माणसाच्या रक्तातच सहकार नाही. तशी संस्कृतीच नाही तिकडे." सभागृहात माना डोलल्या. त्यांत आमच्याकडच्याही काही होत्या, याचे मला जास्त वाईट वाटले.

हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आपल्या सभागृहातही अधूनमधून येते. निधी दिला तरी खर्च होत नाही, कारखाने दिले तर बुडवले, बँक दिली तर बुडवली. म्हणजे दोष माणसांचा. या निष्कर्षावर उद्याचे नियोजन उभे राहणार असेल, तर तो आधी तपासून घ्यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना प्रवरासंगमला गोदावरीवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे टोके, नेवासे तालुका. पलीकडे कायगाव, आमचा गंगापूर तालुका. आज पूल ओलांडायला दोन मिनिटे लागत नाहीत. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. अलीकडे मुंबई इलाखा, १९४७ पर्यंत इंग्रजांचा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. माझी आजी सांगायची, नदी ओलांडली की रुपया बदलायचा. आमच्याकडे निजामाचा हाली शिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. मालाची गाडी घेऊन यायचे तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. साल मोजायची पद्धतही वेगळी, आमच्याकडे सरकारी कागदावर फसली साल.

बाकी सगळे एकच होते. माती तीच काळी. भाकरी तीच. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे या काठाला, नाथांचे पैठण त्या काठाला, आणि आषाढीला दोन्ही काठांवरून माणसे पंढरपूरला चालतच निघायची. सोयरिकीही नदीपलीकडे व्हायच्या. माझी आई टोक्याच्या पुढच्या एका गावची, प्रवरेच्या कालव्याच्या टेलला असलेल्या. संस्कृती म्हणजे भाषा, देव, सणवार, नातीगोती असे धरले, तर दोन्ही काठांवर रतीभर फरक नव्हता. तरी लहानपणी मामाच्या गावाला गेलो की वेगळ्याच मुलखात आल्यासारखे वाटायचे. मामाच्या घरी सोसायटीचे पासबुक होते आणि मामाला ते वाचता येत होते.

आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात एक कागद होता. उर्दूत लिहिलेला, खाली शिक्का, कोपऱ्यात आजोबांचा अंगठा. आजोबा तो जिवापाड जपायचे. ती जमिनीची पावती आहे, तीवरच आपली पाच एकर टिकून आहे, असे ते सांगायचे. गावात तो कागद वाचू शकणारा एकच माणूस होता, पटवारी. आजोबा गेल्यावर कित्येक वर्षांनी मी तो उर्दू शाळेतल्या एका गुरुजींना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, ही लेव्हीच्या धान्याची पावती आहे, जमिनीचा यात उल्लेख नाही. म्हणजे महायुद्धाच्या काळात सरकारने सक्तीने ज्वारी नेली, त्याचा तो कागद. आजोबांनी तो तीस वर्षे उशाशी ठेवला.

या माणसाच्या रक्तात काय नव्हते? बचत नव्हती? चिकाटी नव्हती? त्यांच्यासमोर सरकार ज्या भाषेत बोलत होते, ती भाषा त्यांची नव्हती, बस्स एवढेच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मान त्याला मिळाला. पण ती देशी भाषा उर्दू होती. मराठी मुलगा माध्यमिक शाळेत गेला की सगळे विषय उर्दूतून. खाजगी शाळा काढायची तर परवानगी. सभा घ्यायची तरी परवानगी. 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूमच होता, पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा नको. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ साली स्थापनेच्याच वेळी बंदी आली.

आता नदीच्या अलीकडे पाहा. नेवासे तालुक्यातले तरवडी हे एक खेडे. १९१० साली सुरू झालेले 'दीनमित्र' हे सत्यशोधक वर्तमानपत्र मुकुंदराव पाटलांनी याच तरवडीतून वर्षानुवर्षे चालवले. खेड्यात छापखाना, खेड्यात संपादक, आणि अंक शेतकऱ्याच्या ओसरीवर मोठ्याने वाचला जायचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याची एक फांदी अशी गोदाकाठापर्यंत आली होती. तरवडीहून आमचे गाव काही फार लांब नाही. पण मधे नदी होती, आणि नदीपलीकडे चार माणसे जमवायची तर तालुक्याला अर्ज करावा लागायचा.

सदस्यहो, हा फरक मला कालव्यापेक्षाही मोठा वाटतो. कालवा दिसतो म्हणून मोजला जातो.

अर्थात कालव्यांचे महत्त्व मी कमी करत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ. इंग्रज सरकार हादरले ते स्वतःच्या काळजीने. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कर्जातून सुटकेचा कायदा केला, १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, पुढे दारणा, आणि १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. कालव्यावर सासवडकडचे माळी ऊस लावायला आले, गूळ निघू लागला, हातात पैसा खेळू लागला. लोणीत विठ्ठलराव विख्यांनी १९२३ साली पतपेढी काढली. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे ही माणसे एकत्र बसून कर्जवाटप, वसुली, हिशेब, भांडणे, पुन्हा हिशेब हे करत राहिली. मगच अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांना अध्यक्ष करून त्यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे धुराडे पेटले. लोक म्हणतात, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना. मला त्या पहिलेपणाहून आधीची पंचवीस वर्षे मोठी वाटतात. त्यांत एक पिढी दुसऱ्याचे पैसे सांभाळायला आणि आपले पैसे दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकली.

त्याच काळात निजामाच्या राज्यात मोठी कामे झाली नाहीत असे नाही. निजामसागर झाला, पण तो तेलंगणात. मराठवाड्याच्या वाट्याला तसे धरण आले नाही. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती १९६५ साली आणि लोकार्पण इंदिराजींच्या हस्ते १९७६ साली. भंडारदरा आणि जायकवाडी यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर आहे. वरच्या आणि खालच्या धरणांच्या पाणीवाटपावरून आपल्या सभागृहात आवाज चढतात, तेव्हा हे अंतर कुणी बोलून दाखवत नाही. ज्याचा ऊस आधी उभा राहिला त्याची सवय हक्क होऊन बसली, आणि जो पन्नास वर्षे मागून आला त्याची मागणी हट्ट ठरली.

इथे मला तीन गोष्टी स्वतःहून कबूल केल्या पाहिजेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल.

सगळा दोष जमीन महसुलाच्या पद्धतीवर टाकता येत नाही. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली दाखवून दिले की इंग्रजांनी जिथे जमीनदारांकडून सारा घेतला ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता यांत मागे राहिले, आणि जिथे रयतेकडून थेट घेतला ते पुढे गेले. बिहार आणि महाराष्ट्र यांच्यातले अंतर समजायला हे फार उपयोगी आहे. पण मराठवाड्यातल्या दिवाणी, म्हणजे थेट सरकारच्या कारभारातल्या, गावांत रयतवारीच होती. जहागिरी आणि निजामाच्या खाजगी मालकीची सर्फेखास गावे वेगळी, तिथे रयतेचे हाल वेगळे. म्हणून मी म्हणतो, सातबारा कुणाच्या नावावर होता एवढ्याने भागत नाही. त्या सातबाऱ्याच्या धन्याला वाचता येत होते का, जमता येत होते का, जाब विचारता येत होता का, हेही पाहावे लागते.

दुसरे, संस्थान म्हणजे मागासलेपण असेही नाही, आणि यात धर्म तर शोधूच नये. कोल्हापूर संस्थानच होते. तिथे शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, राधानगरीचे धरण हाती घेतले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ सालीच सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले. राजा कोण होता याहून त्याने रयतेच्या हातात काय दिले, हा खरा प्रश्न. आमच्याकडची गरीब मुसलमान कुटुंबे तरी राज्यकर्त्यांच्या धर्माची म्हणून कुठे शिकून पुढे गेली? माझ्या गावातले पिंजारी आणि आम्ही सारखेच अंगठेबहाद्दर होतो.

आणि तिसरे, इंग्रजी मुलूख म्हणजे सुबत्ता असेही नाही. पाथर्डी आणि जामखेड नगर जिल्ह्यातच आहेत. तिथूनही बीडसारख्याच ऊसतोडणीला कोयत्याच्या टोळ्या निघतात. पाऊस आणि माती यांचा हिशेब कुणाला चुकत नाही. शिवाय ज्या सोसायटीचे मी गोडवे गातो, तिचा सभासद व्हायला सातबारा लागतो. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, ते दलित कालव्याच्या काठावरही सहकाराच्या बाहेरच राहिले. प्रवराकाठच्या सहकारातही पुढे घराणी तयार झाली, हे आपल्याला मी सांगायला नको.

तरीही मूळ गोष्ट उरतेच. कोरियाचे उदाहरण अर्थशास्त्राचे विद्यार्थी देतात ते मला पटते. १९४५ साली ३८व्या अक्षवृत्तावर रेघ ओढली गेली. दोन्हीकडे माणसे तीच, भाषा तीच, पूर्वज तेच. एकेकाळी जाणकार सांगायचे की कन्फ्यूशियसची शिकवण मुरलेल्या या समाजात व्यापार-उद्योग वाढणे कठीण. दक्षिण कोरिया पुढे गेला तेव्हा त्याच शिकवणीला श्रेय मिळाले, शिस्त आणि शिक्षणाची ओढ तिथूनच आली म्हणे. आणि रेघेच्या उत्तरेला तीच शिकवण असून काय झाले ते जग पाहते आहे. 'संस्कृती' हा शब्द असा निकाल लागल्यावर चिकटवायच्या चिठ्ठीसारखा वापरला जातो. मराठवाड्याला तो तसाच चिकटवला आहे.

संस्कृती नाहीच असे माझे म्हणणे नाही. आहे, आणि तिचा परिणाम मी रोज पाहिला. पण ती रक्तातून येत नाही, ती अंगवळणी पडते. ती कशी पडते हे सांगताना मला माझ्याच हातून झालेले लिहावे लागेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडच्या एका सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी होतच नसे. ऑगस्टमध्ये चेअरमनच्या वाड्यावर मी प्रोसिडिंग बुक घेऊन बसायचो. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले", "ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली", असे ठराव लिहून काढायचो. मग शिपाई घरोघरी वही फिरवून सह्या-अंगठे आणायचा. कुणी विचारत नसे की हे कशाचे. सरकारी वही आली की अंगठा द्यायचा, ही सवय त्यांना आजोबांपासून होती. आणि विचारू नये अशी व्यवस्था ठेवायची, ही सवय आम्हाला वरून मिळाली होती. आमच्याकडे सोसायट्या लोकांनी उभारल्या नव्हत्या. कर्जवाटपाचे उद्दिष्ट आले, तशा त्या नोंदवल्या गेल्या. कारखानेही असेच आले, शासनाचे भागभांडवल, शासनाची हमी, शेतकऱ्याचा शेअर कर्जातून कापलेला. ज्यात आपला घामाचा पैसा आहे असे वाटत नाही, त्याची राखण कोण करील? ते बुडाले तेव्हा गावात कुणी रडले नाही. सहकाराचा सांगाडा आम्हाला मिळाला, आधीची पंचवीस वर्षे मिळाली नाहीत.

१९८८ च्या सभेआधी मात्र एक पोरगा उठला. बौद्धवाड्यातला, मिलिंद महाविद्यालयात शिकलेला. वडिलांना नवीन शर्तीची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, दोन एकर मिळाली होती म्हणून सभासदत्व आले होते. चेअरमनच्या वाड्यावर येऊन तो म्हणाला, "सभा मारुतीच्या पारावर घ्या आणि ताळेबंद मोठ्याने वाचा." चेअरमन तापले. मी मूग गिळून बसलो. पण तो हटला नाही, पुढच्या चार दिवसांत त्याने बरोबर अकरा जण जमवले, मराठ्यांची दोन पोरेही. शेवटी सभा पारावर झाली. खताच्या रकमेवरून तीन तास भांडण झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रोसिडिंग खरे लिहिले. त्यानंतर दरवर्षी सभा पारावरच होत राहिली आणि वसुली हळूहळू सुधारली, कारण थकबाकीदारांची नावे सगळ्यांसमोर वाचली जाऊ लागली. चेअरमनच्या पुतण्याचे नाव पहिले होते.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. त्या एका संस्थेने आमच्या भागातल्या किती पारांवर किती माणसे उभी केली, याची बेरीज कुठल्याही अहवालात नाही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी काढली, आज बियाणे म्हटले की देशात जालन्याचे नाव येते. तेही निजामाच्याच मुलखातले गाव. इतिहास म्हणजे कपाळावरचे लिखित नव्हे, हे मला आपल्यापेक्षा जास्त पटलेले आहे. पण तो पुसला जातो तो शाळेने, सभेने, वाचनाने. आणि त्याला पैसा लागतो, वेळ लागतो.

आता मागणे.

१९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष काढला. राज्याची सरासरी धरून रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने असे जिल्हावार मोजले आणि एकूण आकडा आला ३,१८६ कोटी रुपये. तो अहवाल मोठ्या कष्टाचा होता. २०१३ मध्ये केळकर समितीचाही अहवाल आला. पण दोन्ही वेळी आपली चर्चा कोटींभोवती फिरत राहिली. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) खालच्या विकास मंडळांची मुदत तर ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा उभी करताना त्यांना हेही मोजायला सांगा : तालुक्यात किती सोसायट्यांची सर्वसाधारण सभा खरोखर होते, किती ग्रामसभांना कोरम असतो, किती गावांत चालू वाचनालय आहे, किती शाळांत वर्षभर गणिताचा शिक्षक आहे, बाजार समितीचा हिशेब शेतकऱ्याला किती दिवसांत बघायला मिळतो. हे मोजणे अवघड नाही. मी स्वतः एका गटात ते आठ दिवसांत करून देऊ शकलो असतो, कुणी विचारले असते तर.

निजामकाळच्या उर्दू, फारसी आणि मोडी कागदांचे काम एकदाचे हाती घ्या. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमावी लागली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधताना यंत्रणेची किती धावपळ झाली ते आपण पाहिले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घ्यावा लागला. इनाम आणि मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) जमिनींचे वाद अजून कोर्टात आहेत. कुणबी नोंदींमागच्या मराठा आरक्षणाच्या वादावर मी इथे बोलत नाही. एवढेच म्हणतो की ज्या मुलखात माणसाचा आजचा दाखला शंभर वर्षांपूर्वीच्या न वाचता येणाऱ्या कागदावर अडतो, तिथे इतिहास हा नियोजन खात्याचाही विषय आहे. प्रत्येक जिल्ह्यात हे कागद वाचणारी दहा-वीस तरुण मुले शासकीय खर्चाने तयार करा आणि गावाचे कागद मराठीत करून गावालाच द्या.

आणि दसऱ्यानंतर आमच्या बीड-आष्टी-पाटोद्याच्या रस्त्यांवर एकदा उभे राहा. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या मागे चुलीसकट, शेळीसकट चाललेली असतात. नवरा-बायको दोघे मिळून हिशेबात एक 'कोयता'. ते ज्या कालव्यांच्या काठचा ऊस तोडायला जातात, ते कालवे त्यांच्या पणजोबांच्या मुलखात आले नाहीत. त्यांची मुले सहा महिने फडात असतात. हंगामी वसतिगृहे कागदावर आहेत, काही चांगली चालतातही. ती दिवाळीनंतर सुरू होतात, टोळ्या त्याआधी निघतात. निदान ती टोळी निघण्याच्या आधी सुरू करा. आत्ता ज्याला शाळा चुकते, तो उद्या अंगठा देणार आहे.

पत्रासोबत माझ्या त्या सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकातल्या दोन पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, नावे खोडून. पहिले पान १९८४ चे. अक्षर सुबक, ठराव नऊ, सगळे सर्वानुमते, आणि त्या दिवशी सभा झाली नव्हती. दुसरे १९८८ चे. त्यात खाडाखोड आहे, ठराव चारच आहेत, त्यांतला एक फेटाळलेला, आणि समासात आठ सभासदांनी स्वतःच्या हाताने हरकती लिहिल्या आहेत. दोन्ही पानांवरचे बाकीचे अक्षर माझे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त गटसचिव
तालुका गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर